एका हाताने घेतलेला रुमाल

मी एक जुनी राखणीची पेटी आहे. राखण करायची ती पाचिंको नावाच्या जपानी जुगारी खेळाच्या यंत्रांची, आणि चोर पकडायचा तो हवेतला. मित्रांनो, कुलूप तुम्ही पाहिले असेल, राखणीचा कुत्रा पाहिला असेल, दारावरचा रखवालदार तर रोजच पाहत असाल. मला मात्र कुणी पाहिलेले नसते. साबणाच्या वडीएवढा माझा देह, रंग राखाडी, अंगावर एकही अक्षर नाही. दोन यंत्रांच्या मधल्या फळीमागे मला स्क्रूने आवळून बसवले होते. मी तिथे आहे हे गिऱ्हाइकाला कळू नये, हीच माझी पहिली पात्रता होती.

माझा जन्म नागोयाचा. सायकलच्या दुकानावर माडी होती, त्या माडीवर चार बायका डाग देण्याचे काम करीत आणि हातानो-सान नावाचा म्हातारा मालक आम्हा पेट्यांची परीक्षा घेई. तरुणपणी तो रेडिओ दुरुस्त करायचा. खेळण्यातल्या मोटारीचा रिमोट तो एप्रनच्या खिशात लपवी, बोलता बोलता खोलीभर फिरे आणि मधेच खिशातले बटण दाबी. ज्या पेटीला जोडलेला दिवा लागला ती पास. ज्या पेटीचा लागला नाही, ती तो पुन्हा उघडी. मी पहिल्याच फेरीत पास झाले.

आम्हाला न्यायला विक्रेता आला तेव्हा हातानो-सान त्याला म्हणाले, "हे बघा, ही पेटी 'कुठे' ते सांगते. 'कोण' ते सांगत नाही. कोण ते माणसानं शोधायचं. हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगा."

विक्रेता हसला. "एवढं सांगत बसलो तर एकही खपायची नाही, हातानो-सान."

"मग नका खपवू."

त्याने खपवल्या. ती सूचना तेवढी नागोयातच राहिली.

माझे काम काय ते आता सांगते. पाचिंकोत उजव्या हाताने मूठ फिरवून धरायची. पोलादी गोळ्या उडतात, खिळ्यांवर आपटत खाली येतात, आणि एखादी नेमकी भोकात पडली की यंत्र बक्षीस म्हणून आणखी गोळ्या ओतते. भोकात पडलेली गोळी मोजायला आत एक लहानसा डोळा असतो. चोर लोक बाहीत किंवा कमरेला यंत्र दडवून येत आणि त्या डोळ्यावर रेडिओची लहर सोडीत. गोळी पडलेलीच नसते, पण डोळ्याला वाटते की पडली, पुन्हा पडली, पुन्हा पडली. यंत्र बापडे गोळ्या ओकत राहते. काच फुटत नाही, आवाज होत नाही. ती लहर कानावर आली की ऑफिसातल्या फळीवरचा लाल दिवा लावायचा, एवढेच माझे काम. अवघड नव्हते. मी ते कधीच चुकवले नाही.

मला बसवले ते हाचिनोहे बंदरावर, मासळी बाजाराच्या मागच्या चौकातल्या पाचिंकोच्या हॉलमध्ये, सदतीस आणि अडतीस नंबरच्या यंत्रांमधे. फळीमागे अंधार आणि समोर सिगारेटचा धूर, पण माझे कान उघडे होते. हॉलमधली माणसे कानात यंत्र घालून एकमेकांशी बोलतात, आणि तेही बोलणे लहरींवरूनच जाते. त्या लहरींवर मी दिवा लावायचा नाही, एवढी शिकवण मला होती. ऐकायचे नाही, असे कुणी शिकवले नव्हते. त्यामुळे हॉलमधला शब्दन्‌शब्द मला माहीत असे.

हॉलचे मॅनेजर कुरामोचीसाहेब. केस मधोमध विंचरलेले, नमस्काराला वाकणे मोजूनमापून. पहिल्याच हिवाळ्यात बाहेरगावची एक टोळी आली आणि माझ्या दिव्यामुळे सापडली. त्या नव्या वर्षाला साहेबांनी माझ्या दिव्यांच्या फळीसमोर तांदळाचे दोन पांढरे गोळे रचून वर संत्रे ठेवले. देवापुढे ठेवतात तसे. गावातल्या इतर हॉलचे मॅनेजर मुद्दाम बघायला आले. साहेब त्यांना म्हणाले, "पेटी तर कुणीही विकत घेईल. पुढची युक्ती आमची आहे."

ती युक्ती म्हणजे रुमाल. आमच्याकडे कुणी दोन्ही हातांनी काही पुढे केले, की आपणही ते दोन्ही हातांनी घ्यायचे. मूल चालायला लागते त्याच सुमाराला हे शिकते. साहेबांनी ठरवून दिले होते की दिवा लागला तर आरडाओरडा करायचा नाही. वाफेवर गरम केलेला रुमाल तबकात घेऊन जायचे, वाकायचे आणि दोन्ही हातांनी पुढे करायचा. प्रामाणिक माणूस मूठ सोडून दोन्ही हातांनी घेईल. ज्याचा हात दडवलेल्या यंत्रावर गुंतलेला आहे तो एका हाताने घेईल.

"पाहुण्याला चोर म्हणायचं नाही," साहेब म्हणत. "पाहुण्याच्या हातांना विचारायचं."

मॅनेजर मंडळींनी माना डोलावल्या. महिन्याभरात गावातल्या सगळ्या हॉलमध्ये रुमाल गरम होऊ लागले.

सदतीस नंबरवर तोमिए-सान बसत. सत्तरी ओलांडलेली बाई. बंदरावरच्या कारखान्यात माकुल सोलण्यात जन्म गेला. निळ्या रंगाचे, बारीक पांढऱ्या फुलांचे जाड रजईसारखे जाकीट. सकाळी दार उघडले की यंत्राच्या तबकडीवर आपला हातरुमाल टाकून त्या जागा धरीत. सदतीसच्या पडद्यावर ढोल वाजवणारा बेडूक होता. शेजारी छत्तिसावर गेन्झो नावाचा निवृत्त खलाशी बसे. दोघांची जुनी ओळख.

"काय तोमिए, आजपण त्या बेडकाशीच संसार?"

"तुझ्यापेक्षा बरा. जिंकले तर ढोल तरी वाजवतो."

"आणि हरलीस की?"

"तेव्हा गप्प बसतो. तू बसतोस का?"

रांगेतल्या गोळ्यांच्या गदारोळातही हसू ऐकू यायचे. मला ते ऐकायला आवडे. फळीमागच्या जिवाला दुसरे काय असते?

एका हिवाळ्यात तोमिए-सान बरेच दिवस आल्या नाहीत. परत आल्या तेव्हा डावा हात जाकिटाच्या खिशात होता. तो पुन्हा कधी बाहेर आला नाही. गेन्झोने विचारले, "होतीस कुठं?" त्या म्हणाल्या, "मुलीकडे, सेंडाईला." त्या इस्पितळात होत्या, हे मला फार उशिरा कळले. अर्धांगाचा झटका आला होता आणि डावा हात लुळा पडला होता. भाताची वाटी एका हातात आणि काड्या दुसऱ्या हातात लागतात. माकुल सोलायलाही दोन हात लागतात, एप्रनची गाठ मारायलाही लागतात. पाचिंकोला मात्र एक पुरतो. उजव्या हाताने मूठ धरली की दुसरा कुठे आहे, हे कुणी बघत नाही. साऱ्या गावात त्यांना धडधाकट बाई म्हणून बसता येईल अशी ती एकच खुर्ची उरली होती. ती खुर्ची आणि त्यांची अब्रू एकाच जागी होती.

पुढच्या वर्षी अडतीसवर एक नवा माणूस येऊ लागला. करडा सूट, हातात ब्रीफकेस. बसण्याआधी तो शेजाऱ्याला विचारी, "बसू का इथं? त्रास नाही ना?" जाताना झाडूवालीलाही वाकून नमस्कार करी. हॉलमध्ये त्याचे नावच 'नमस्कारवाले' पडले. इसोबे-सान ही आमच्या रांगेत गोळ्यांच्या पेट्या उचलणारी बाई. दहा गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्लेली. तीही एकदा कानातल्या यंत्रावर म्हणाली, "असं एक तरी गिऱ्हाईक असावं बाई. बाकीचे नुसत्या चुटक्या वाजवतात."

आणि मग लहर आली. मी दिवा लावला.

"सदतीस-अडतीसचा दिवा," साहेबांचा आवाज. "इसोबे-सान, रुमाल न्या."

"नेते, साहेब."

थोड्या वेळाने, "दिले. अडतीसनं दोन्ही हातांनी घेतला. उभं राहून नमस्कार केला. सदतीसनं..." इसोबे-सान थांबली. "एका हातानं."

"सदतीस म्हणजे तोमिए-सान?"

"हो."

"डावा हात कुठं होता?"

"खिशात."

"लक्ष ठेवा," साहेब म्हणाले. मला बोलता येत नव्हते. मी 'कुठे' सांगितले होते. 'कोण' ते लिहायला माझ्या कपाळावर जागाच नव्हती.

दिवा पुन्हा लागला, नंतर आणखी काही वेळा लागला. दर वेळी अडतीसचे दोन हात, सदतीसचा एक. लहरीला शेजारपाजार कळत नाही. अडतीसवर सोडलेली लहर थोडी सदतीसवर सांडे आणि बेडूक नेहमीपेक्षा जास्त वेळा ढोल वाजवी. तोमिए-सान खूश होत, गेन्झोला डबाबंद कॉफी पाजत. नमस्कारवाले हावरट नव्हते. थोडे जिंकायचे, मुद्दाम थोडे हरायचे आणि जेवणाच्या वेळेला उठायचे. साहेबांनी कॅमेऱ्यातली चित्रे पुन्हा पुन्हा पाहिली. तोमिए-सानचा खिसा थरथरत होता.

"बघा," साहेब म्हणाले. "आत काहीतरी दाबतेय."

"साहेब, इतक्या वर्षांचं माणूस आहे. मी एकदा सरळच विचारते."

"काय विचारणार? तुम्ही चोर आहात का, असं? आपल्या हॉलची ती रीत नाही, इसोबे-सान."

नाही, ती रीत नव्हती. हॉलची रीत फार सभ्य होती.

एका दुपारी रांग भरलेली असताना साहेब स्वतः आले. सदतीसच्या मागे उभे राहून वाकले.

"तोमिए-सान, रोज येता, फार आभारी आहे. आज एक विनंती आहे. खिशातला हात जरा बाहेर काढता का?"

गेन्झोने मूठ सोडली. त्याच्या यंत्रातल्या गोळ्या थांबल्या, ते मला ऐकू आले. मग पस्तिसाच्या थांबल्या.

"हात माझा आहे," तोमिए-सान म्हणाल्या.

"अर्थातच. म्हणून तर विनंती करतोय."

"आणि नाही काढला तर?"

"तर मग उद्यापासून येऊ नये, एवढीच दुसरी विनंती."

मित्रांनो, हात काढला असता तर त्या सुटल्या असत्या. मग सगळ्या रांगेने तो वाकडा, थरथरणारा हात पाहिला असता, आणि ज्या एका खुर्चीत तो लपत होता तीही गेली असती. चोर ठरायचे की लुळे, एवढेच निवडायचे होते. त्या उठल्या. उठताना खुर्चीला धक्का लागला. नमस्कारवाल्यांनी पाय आवरून त्यांना वाट दिली. "सांभाळून जा हं, आजी," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखर काळजी होती. हे मला आजही सहन होत नाही.

तबकडीवरचा हातरुमाल तिथेच राहिला. गेन्झोने तो दोन बोटांत धरून इसोबे-सानला दिला. "ठेवा. मला वाटलंच होतं. इतकी कधी जिंकायची नाही ती."

गेले कित्येक दिवस त्याच जिंकण्याची कॉफी तो पीत होता.

तोमिए-सानचा कॅमेऱ्यातला फोटो कर्मचाऱ्यांच्या खोलीत लागला. डावा हात खिशात, ओठ घट्ट. त्याच्या प्रती इतर हॉलना गेल्या. मासळी बाजारात बायका त्यांना पाहून दुसऱ्या टोपलीकडे वळू लागल्या. इसोबे-सानने हे कुणाला तरी सांगितले, म्हणून मला कळले.

त्याच दिवसापासून नमस्कारवालेही दिसेनासे झाले. साहजिकच लहर आली नाही. साहजिकच मी दिवा लावला नाही. साहेब मॅनेजरांच्या बैठकीत म्हणाले, "ती गेली, दिवा थांबला. आणखी काय पाहिजे?" माझे बोलणे कुणी नीट ऐकले नव्हते. आता माझे गप्प राहणेही साक्षीला उभे केले.

मग एका रविवारी धक्क्यावरच्या सकाळच्या बाजारात इसोबे-सानला तोमिए-सान दिसल्या. विकत घेतलेले माकुल पिशवीत घालताना त्यांनी पिशवीचे तोंड दातांत धरले होते. डावा हात बाहेर होता. बोटे आत वळलेली, मनगट थरथरत होते. सोमवारी सकाळी हॉल उघडायच्या आधी कानातल्या यंत्रावर सगळ्यांना तिचा आवाज ऐकू आला.

"साहेब, त्यांचा डावा हात लुळा आहे. झटका आला होता. तो थरथरतो. खिशात दुसरं काही नव्हतं."

"इसोबे-सान, हे चॅनेलवर बोलायचं नाही."

"मग कुठं बोलू? ऑफिसात आले की तुम्ही म्हणता, चहा घ्या."

"हात अधू असला म्हणून माणूस प्रामाणिक ठरत नाही. ती गेल्यावर दिवा थांबला."

"नमस्कारवालेही त्याच दिवसापासून गेलेत."

"त्यांनी दोन्ही हातांनी घेतला होता!" साहेब ओरडले. त्यांना ओरडताना मी तेवढे एकदाच ऐकले.

थंडी सुरू झाली. एक दिवस गेन्झो पेपर घेऊन आला आणि छत्तिसावर बसून मोठ्याने वाचू लागला. मोरिओकाच्या एका हॉलमध्ये माणूस पकडला होता. करडा सूट, ब्रीफकेस. लहर सोडणारे यंत्र त्याच्या बुटात होते.

"पायाच्या अंगठ्यानं दाबायचा म्हणे! बुटात! म्हणजे हात दोन्ही मोकळे. काय डोकं बघा..." गेन्झोने फोटो डोळ्यांजवळ नेला. "अरे, हा तर आपला अडतीसवाला."

रांगेत कुणी तरी म्हणाले, "मग तोमिए?"

गेन्झोने पेपरची घडी केली आणि मूठ धरली. बाकीच्यांनीही धरली. गोळ्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला आणि त्या आवाजात कुणाला काही बोलावे लागले नाही.

त्या दुपारी साहेबांनी इसोबे-सानला एक खोका दिला. चांगल्या दुकानातली मिठाई, वरून रेशमी कागद. सोबत चिठ्ठी नाही. "हा तोमिए-सानना नेऊन द्या. काही बोलू नका. त्यांना समजेल."

ती परत आली तेव्हा हॉल भरलेला होता.

"नाही घेतलं, साहेब."

"काय म्हणाल्या?"

"दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, ही दोन हातांनी घ्यायची वस्तू. माझ्याकडे एकच आहे. परत न्या."

"मग खोका कुठं आहे?" साहेबांनी विचारले.

"खोका काउंटरवर ठेवलाय," इसोबे-सान म्हणाली. "त्यांचा हातरुमाल मी दिला. तो घेतला त्यांनी. आता हे कानातलंही खोक्याशेजारी ठेवते." मग खट्ट असा आवाज झाला. तिचा आवाज मी त्यानंतर ऐकला नाही.

आता उरला तो चूक कुणाची हा प्रश्न. कुणाची तरी चूक व्हायलाच हवी होती. रुमालाची युक्ती चुकली म्हणावे, तर ती साऱ्या गावाने उचलली होती. माणूस चुकला म्हणावे, तर तो माणूस मॅनेजर होता. म्हणून साहेबांनी इतर हॉलना कळवले, "पेटी जुनी झाली होती. चुकीचे इशारे देत होती." सगळ्यांनी लगेच मान्य केले. हे कळवणारे हात नव्या वर्षाचे तांदळाचे गोळे माझ्या दिव्यांपुढे ठेवणारेच होते. मी जितक्या वेळा दिवा लावला तितक्या वेळा लहर आली होती. एकदाही मी खोटे बोलले नाही. पण यंत्राला बदनाम करायला पुरावा लागत नाही आणि त्याच्या दारी मिठाईही न्यावी लागत नाही.

मला उखडून काढले आणि कर्मचाऱ्यांच्या खोलीतल्या एका खोक्यात टाकले. तोमिए-सानचा फोटो भिंतीवरून काढला आणि तोही त्याच खोक्यात टाकला. तो माझ्या अंगावर पालथा पडला आहे. त्या परत आल्या नाहीत. बेडकाचे यंत्र विकले गेले. गेन्झो म्हणे आता दुसऱ्या रांगेत बसतो.

माझ्या पोटात एक लहान सेल आहे. दिवा लावण्याइतका जोर त्यात नाही, पण तो संपेपर्यंत मला ऐकू येते. हॉलमध्ये आता नव्या पेट्या बसल्या आहेत, महागड्या. रुमाल मात्र तेच आहेत. आज सकाळीच कुणा नव्या बाईचा आवाज आला.

"साहेब, पासष्ट नंबर. एका हातानं घेतला."

आणि साहेबांचा शांत, सभ्य आवाज, "दुसरा हात कुठं होता?"

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी काही मागणे मागतात. आम्हाला पुसा, जपा, अडगळीत टाकू नका, असे म्हणतात. मला ते नको. माझा सेल बदलू नका, माझ्यावरची धूळ झटकू नका. नागोयाच्या त्या म्हाताऱ्याचे बोलणे तेवढे माझ्याकडून घ्या, कारण ते विक्रेत्याने तुमच्यापर्यंत पोहोचवले नाही. उद्या तुमच्या घरात, शाळेत, दुकानात माझ्याहून हुशार पेट्या येतील. त्या दिवा लावतील. दिवा फक्त 'कुठे' ते सांगतो. तिथे जाऊन एखाद्याला चोर ठरवण्याआधी त्याच्याशेजारी बसा आणि तोमिए-सानला आमच्या हॉलमध्ये कुणीच विचारले नाही ते विचारा, "हाताला काय झालं?"

एवढे विचारायला वेळ लागत नाही. रुमाल गरम करायला त्याहून जास्त लागतो.